सोन्याचा कस आणि कायद्याचा कस

बुऱ्हाणपूर म्हटले की पुष्कळांना तापीकाठचा शाही किल्ला आणि १६३१ साली येथे झालेले मुमताजमहलचे निधन एवढेच आठवते. उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली हे शहर पेशव्यांकडे आले, ही आठवण आम्हां मराठी घरांना अधिक जवळची. पण या गावाची खरी ओळख राजांपेक्षा कारागिरांनी घडविली आहे. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवावयाचा, ती तापवून दोन्ही धातू एकजीव करावयाचे, मग पोलादी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढीत केसाएवढी तार काढावयाची, आणि ती चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळावयाची, हे कलाबतूचे काम येथे पिढ्यान्‌पिढ्या चालले. तारेत खोट असली तर चार पावसाळ्यांत पदर काळा पडे आणि बनविणाऱ्याचे नावही. शुद्धतेवर पोट अवलंबून असते, हे या गावाला कोणी शिकवावे लागले नाही.

म्हणूनच सरकारने सोन्याच्या धंद्याला घातलेल्या नियमांचा इतिहास आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर परकीय चलनाची चणचण तीव्र झाली होती. सोन्याची चोरटी आयात थांबावी आणि लोकांचा सोन्याचा हव्यास कमी व्हावा, या हेतूने अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आणले. नवा दागिना चौदा कॅरटहून अधिक शुद्ध असता कामा नये, असा दंडक झाला. म्हणजे शंभर भागांत सोने अठ्ठावन्नच, बाकी मिश्रण. हेतू वाईट नव्हता. पण ज्याच्या हातावर त्याचा सारा भार पडणार होता, त्या सोनाराचा विचार झाला नव्हता.

आपले पारंपरिक दागिने बावीस कॅरटचे. ठुशी, बोरमाळ, वज्रटीक, पाटल्या, तोडे ही कामे मऊ सोन्याची; चौदा कॅरटचा कठीण, फिकट धातू त्या हाताला ओळखीचा नव्हता, आणि मंगळसूत्रासाठी तो घेण्यास गिऱ्हाईक तयार नव्हते. बागेसरी विझल्या. देशभर हजारो सोनार बेकार झाले, मोर्चे निघाले, काहींनी आत्महत्या केल्याच्या बातम्या आल्या. ज्या घरांत मुलगा बापाच्या शेजारी बसून फुंकणी धरायला शिकत असे, तेथे त्याला दुसरी नोकरी पाहावी लागली. त्याच वर्षी नियमांत थोडी सवलत दिली गेली आणि १९६६ मध्ये चौदा कॅरटचे बंधन उठले. पण मोडलेली घडी पूर्ववत बसली नाही.

नियंत्रण मात्र उठले नाही. १९६८ च्या कायद्याने सराफाला परवाना आणि सोनाराला प्रमाणित सुवर्णकाराचा दाखला आवश्यक झाला. घरात सोन्याची लगड ठेवणे गुन्हा. दागिने मात्र एका व्यक्तीस दोन हजार ग्रॅम आणि कुटुंबास चार हजार ग्रॅमपर्यंत जाहीर न करता ठेवता येत. यातली विसंगती पाहावी. आजीची पाटली हातात असेतो ती निर्दोष. मोडून नवी करावयास मुशीत वितळली की तेच सोने कायद्याच्या दृष्टीने कच्चे सोने, आणि वहीतील नोंद चुकली तर सोनार अडचणीत! ज्याची बोटे अक्षरांपेक्षा चिमट्याला सरावलेली, त्याला हिशेबाच्या वहीचे भय आगीपेक्षा मोठे झाले.

या कायद्याचाही कस लागला. १९६९ साली हरकचंद रतनचंद बांठिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील अनेक कलमे रद्द ठरविली. परवाना देताना त्या भागातील व्यापाऱ्यांची संख्या, अपेक्षित मागणी, अर्जदाराची योग्यता, लोकहित हे पाहावे असे कायदा म्हणत होता. पण हे निकष इतके मोघम होते की सारे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिले असते. सोनाराची कसोटी निदान सर्वांना सारखीच रेघ दाखविते!

कायद्यात दुरुस्त्या होऊन तो पुढे वीस वर्षे चालला. अखेर १९९० च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री मधु दंडवते यांनी तो रद्द करण्याचे जाहीर केले आणि जूनमध्ये तो संपला. चोरटा व्यापार त्याने थांबला नव्हता. लहान कारागिरास मात्र जाच झाला होता. एका मराठी अर्थमंत्र्याच्या हातून ही सुटका झाली, याचे आम्हांस समाधान आहे.

तर मग नियम नकोतच काय? आम्हांस तसे वाटत नाही. २००० साली भारतीय मानक ब्यूरोने सोन्यासाठी हॉलमार्क सुरू केला आणि जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र सहा अक्षरी-अंकी क्रमांक, अशा तीन खुणा त्यावर असतात. हा नियम कारागिराला काय घडवू नको हे सांगत नाही; घडविले त्यात किती सोने आहे एवढेच विचारतो. भेद येथेच आहे. एका नियमाने हात बांधले, दुसरा धातू तपासतो.

वाचकांस आमची विनंती साधी आहे. लग्नकार्यासाठी बुऱ्हाणपुरात खरेदी करा वा जळगावास जा. तिन्ही खुणा पाहून घ्या आणि पावती जपा. घरातील जुन्या दागिन्यांवर खूण नाही म्हणून घाबरू नका. ते बाळगणे वा विकणे गैर नाही. आणि आजीची ठुशी मोडण्यापूर्वी ती घडविणारा हात गावात अजून आहे काय, याची चौकशी करा. असला, तर ती मोडण्याऐवजी त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या. सोन्याची शुद्धता आता यंत्र सांगते; त्या हाताला काम देणे मात्र आपल्यावरच आहे.