शिंजीर : घाटमाथ्यावरचा आणि काळेवाडीतला

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, पावसाळ्याचे चार महिने ज्यांच्या शेंड्यांवरून ढग हलत नाहीत अशा सदाहरित अरण्यांत, एक चिमुकला गाणारा पक्षी वास्तव्य करून असतो. नराचा माथा झळाळता हिरवा, पाठ गर्द किरमिजी, कंठ व छाती लालभडक, त्या लालीवर पिवळ्या रेषा, खाली काळा पट्टा आणि मग एकाएकी साधे राखी पोट, असा त्याचा वर्ण असतो. मादी मात्र पालवीत सहज मिसळून जाईल अशी मळकट हिरवी. महाबळेश्वर, माथेरान, भीमाशंकर येथील बहरलेल्या झाडांवर दिसणारा हा किरमिजी शिंजीर पश्चिम घाटाचा खास रहिवासी असून जगाच्या पाठीवर अन्यत्र कोठेही आढळत नाही.

शास्त्राच्या दप्तरी त्याची नोंद झाली तीही आपल्याच मुलखातून. पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रजी अमलाखाली आलेल्या दख्खन प्रांताची लोकसंख्या, जमीन, पिके आणि महसूल यांची माहिती जमविण्याकरिता मुंबई इलाख्याच्या सरकारने १८२४ मध्ये विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक केली. आणि या गृहस्थाने सरकारी कामाच्या जोडीने पशुपक्ष्यांचाही तपशील तितक्याच निष्ठेने टिपून ठेवला. १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या वृत्तांतात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दख्खनी पक्ष्यांच्या यादीत हा शिंजीर प्रथम अवतरला आणि त्या संस्थेचे पहिले सचिव व्हिगर्स यांच्या नावाने शास्त्रीय जगात ओळखला जाऊ लागला.

त्याच सह्याद्रीत, मावळात उगम पावलेली पवना नदी पुण्याजवळच्या काळेवाडी आणि पिंपरी यांच्यामधून वाहत पुढे दापोडीस मुळेला मिळते. नदी येथवर येते, तिच्याबरोबर अरण्य येत नाही. म्हणून किरमिजी शिंजीरही काळेवाडीचा नव्हे. परंतु त्याचा भाऊबंद, जांभळा शिंजीर, कारखान्यांच्या या परिसरातही सुखाने नांदतो, कारण त्याला घनदाट रानाची अट नाही. एखादी जास्वंद, कुंपणावरची घाणेरी, रस्त्याकडेचा पांगारा किंवा काटेसावर एवढ्यावर त्याचा चरितार्थ चालतो. विणीच्या हंगामात सावलीत काळा वाटणारा नर उन्हात आला की निळा-जांभळा झळकतो. ही झळाळी केवळ रंगद्रव्याची नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची असते. हंगाम सरला की हा राजवर्खी पोशाख उतरतो आणि मादीसारख्या पिवळट अंगावर गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते.

त्याच्या घरट्याकडे क्षणभर निरखून पाहावे. गवताच्या काड्या, सुकी पाने, सालीचे तुकडे, कापूस असे सामान मादी एकटीच गोळा करते आणि कोळ्याच्या जाळ्याच्या चिकट तंतूंनी ते जोडून फांदीच्या टोकाला एक लांबट बटवा टांगते, ज्याच्या बाजूच्या दारावर पावसा-उन्हापासून आडोसा देणारी छोटी पडवीही असते. बाहेरून लोंबणाऱ्या कचऱ्यामुळे ते वाळक्या पानांचे जाळे आहे असाच पाहणाऱ्याचा समज होतो, आणि दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत वा झाडांच्या छाटणीत अशी घरटी नकळत ओढून फेकली जातात. मकरंद हा या पक्ष्याचा आहार खरा. तरी पिलांना तो मुख्यत्वे किडे आणि कोळी भरवतो. अर्थात जेथे प्रत्येक पानावर औषध फवारले जाते तेथे फुले असूनही पिले उपाशी राहतात.

फुलांशी त्याचे नाते एकतर्फी नाही. आंब्यावर वाढणारे बांडगूळ पाहा. त्याच्या काही जातींत पक्व कळीला चोचीचा दाब बसताच ती फटकन उमलते आणि परागकण पक्ष्याच्या कपाळावर उडतात. तेच तो पुढल्या फुलाकडे नेतो. बांडगुळाची फळे खाऊन चिकट बिया इतर फांद्यांवर रुजविण्याचे काम फुलटोचा हा आणखी चिमुकला पक्षी करतो. कोकणातील बांडगुळाच्या प्रसारात या दोघांचा वाटा किती, हे पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडले आणि पुढल्याच वर्षी फुलांवर येणारे पक्षी व पक्ष्यांवर अवलंबून असणारी फुले यांवर सविस्तर निबंध लिहिला. बागाईतदार बांडगुळाला शत्रू मानतो, आणि आंब्याच्या दृष्टीने ते रास्तही आहे. परंतु पळस, पांगारा, काटेसावर यांचे परागवहन करणाऱ्या पक्ष्यांमध्येही शिंजीर मोडतो, हेही त्याच्या खाती जमा धरले पाहिजे.

घाटमाथ्यावरचा किरमिजी शिंजीर राखणे हे अरण्य राखण्याशी निगडित आहे आणि तो विषय शासनाच्या अखत्यारीतला. काळेवाडीचा जांभळा शिंजीर राखणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. सोसायटीच्या आवारात विदेशी शोभेच्या झुडपांऐवजी एखादा पांगारा लावावा, पवनेकाठची उरलीसुरली झाडे तोडू नयेत, वाळक्या पानांचा लोंबता पुंजका दिसला तर आत पिले नाहीत याची खात्री झाल्यावाचून त्यास हात लावू नये, आणि सज्ज्यातल्या कुंडीवर औषध फवारण्याआधी दोनदा विचार करावा. एवढे केले तरी पुष्कळ झाले.