घाटाची चढण आणि सायकल

सावंतवाडीहून आंबोलीकडे किंवा गोव्यातून चोर्ला घाटाने बेळगावकडे सायकलने निघालेले पुष्कळ तरुण पहिल्याच उभ्या चढणीवर धापा टाकीत खाली उतरतात. आपल्या पायांत बळ नाही, अशी समजूत करून घेऊन ते पुन्हा घाटाची वाट धरीत नाहीत. वास्तविक उणीव बहुधा बळाची नसते, हिशेबाची असते.

सपाटीवर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला मुख्यतः वाऱ्याशी झुंजावे लागते; चढणीवर वजनाशी. स्वार आणि सायकल मिळून 80 किलोग्रॅमचा भार 500 मीटर उंच न्यावयाचा, तर सुमारे 3,92,000 जूल कार्य करावेच लागते. ते किती वेळात करावयाचे, एवढेच स्वाराच्या हाती असते. एक तास घेतल्यास, घर्षण वगळता, सुमारे 109 वॅट शक्ती पुरते. अर्ध्या तासाचा हट्ट धरल्यास 218 वॅट लागते. आरंभीच शक्तीबाहेर जोर लावला, की स्नायूंना प्राणवायू अपुरा पडतो आणि पाय भरून येतात. म्हणून दम न तोडता एखादे लहान वाक्य बोलता येईल, इतक्याच वेगाने चढण सुरू करावी.

दुसरा हिशेब दात्यांचा. पुढे 44 आणि मागे 18 दाते असलेली साधी सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. पुढे व मागे 34 दाते असतील, तर ती सव्वादोन मीटरांहूनही कमी जाते. पण जोर त्याच प्रमाणात कमी लागतो. 1910 साली टूर द फ्रान्सची शर्यत पिरेनीज पर्वतातील 2,115 मीटर उंचीच्या तुर्माले खिंडीतून प्रथम नेण्यात आली, तेव्हा निष्णात स्पर्धकांवरही काही ठिकाणी पायी चालण्याची पाळी आली. चालत्या सायकलीवर साखळी बदलणाऱ्या गिअरला त्या शर्यतीत 1937 साली मुभा मिळाली. तेव्हा हलक्या गिअरमध्ये कमीपणा मानण्याचे कारण नाही. चढण अंगावर येण्यापूर्वीच गिअर बदलावा आणि मिनिटाला सुमारे 70 फेरे राखावेत. शक्यतो बसूनच चढावे, हँडल सैल धरावे, खांदे ताठ ठेवू नयेत. उभे राहणे थोड्या अंतरापुरतेच बरे.

अंगी क्षमता येते ती नेमाने. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये विश्रांती ठेवून, लहानशी चढण तीन-चार वेळा चढावी. एक दिवस लांबचा, पण संथ प्रवास करावा. घरी बैठका काढाव्यात. भार क्रमाक्रमाने वाढवावा. स्नायू बळावतात ते विश्रांतीच्या काळात, हे विसरू नये. वाटेत तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे. केळे किंवा गुळाचा खडा जवळ असावा.

एक इशारा मात्र मनावर घ्यावा. छातीत दडपण, घेरी किंवा डाव्या हातात कळ जाणवल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. चाळिशी उलटलेल्यांनी तर आरंभापूर्वीच प्रकृती तपासून घ्यावी. उतारावर दोन्ही ब्रेक थांबून थांबून दाबावेत आणि वळणापूर्वीच वेग आवरावा. घाट चढणे पायांचे काम असेल. सुखरूप घरी परतणे विवेकाचे आहे.