पाऊण लाख तागड्यांचा पासंग

जुना वाणी माल तोलण्याआधी रिकामी तागडी उचलून गिऱ्हाइकासमोर धरायचा. एक पारडं किंचित खाली गेलं, तर दुसऱ्यात एखादा चिंचोका टाकायचा. तो पासंग. फ्रान्समधल्या सेसी गावाखाली, जमिनीच्या पोटात सुमारे शंभर मीटर खोल, अशा ७५,८४८ तागड्या एकत्र बसवल्या आहेत. त्यांचा पासंग काढायला माणसांची एक मोठी फळी वर्षानुवर्षं खपते आहे.

हा सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेच्या, प्रोटॉनच्या टकरी घडवणाऱ्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरचा सीएमएस प्रयोग, आणि तागड्या म्हणजे त्याच्या ‘ईकॅल’ या कॅलरीमीटरमधले स्फटिक. त्यांचं काम इलेक्ट्रॉन आणि फोटॉन यांची ऊर्जा मोजण्याचं. हे स्फटिक लेड टंगस्टेटचे, म्हणजे वजनात ८६ टक्के धातू, पोलादाहून जड, आणि तरीही काचेसारखे आरपार दिसणारे. कॅलरीमीटरच्या मधल्या, नळकांड्यासारख्या भागातला एकेक स्फटिक २३ सेंटीमीटर लांब असतो, वजनाला साधारण किलोभर, आणि त्याचं तोंड कॅरमच्या सोंगटीहून लहान. वेगवान इलेक्ट्रॉन आत शिरला की फोटॉन फेकतो, त्या फोटॉनमधून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निघते, ती पुन्हा फोटॉन फेकते. असा फुटत फुटत कणांचा सडा पडतो आणि स्फटिक मंद निळा उजळतो. जितकी ऊर्जा, तितका प्रकाश. त्यातला ८० टक्के प्रकाश २५ नॅनोसेकंदांत बाहेर पडतो, आणि ते हवंच, कारण तेवढ्यात प्रोटॉनचे पुढचे पुंजके टकरीला हजर होतात.

प्रकाश मोजला की ऊर्जा कळली, इतकं हे सोपं नाही. रशियातल्या बोगोरोदित्स्कमध्ये आणि चीनमधल्या शांघायमध्ये घडवलेल्या या स्फटिकांत कुठलेही दोन सारखे उजळत नाहीत. मधल्या भागाच्या ३६ खंडांपैकी नऊ २००६ साली इलेक्ट्रॉनच्या झोतात धरून पारखले गेले. बाकीच्यांची पहिली पारख आकाशातून येणाऱ्या म्यूऑन कणांवर झाली. तापमानाचं दुखणं वेगळंच. पारा एक अंश चढला की मोजणी जवळजवळ ४ टक्क्यांनी घसरते, आणि स्फटिकास्फटिकांतला फरक अर्ध्या टक्क्यात ठेवणं हे तर मुळातलं उद्दिष्ट. म्हणून मधला भाग १८ अंशांवर ठेवतात, तोही अंशाच्या विसाव्या हिश्शाहून जास्त हलू न देता.

खरी कसोटी किरणोत्साराची. टकरी सुरू असताना स्फटिकाच्या आतली पारदर्शकता कमी होत जाते, आणि झोत थांबला की ती आपोआप थोडी सुधारते. म्हणजे तागडी तोलता तोलताच झिजते आणि विसाव्यात बरी होते. मधल्या भागात ही घट तुलनेनं कमी असते. दोन्ही टोकांना, झोताला अगदी लागून असलेल्या स्फटिकांचा मात्र बहुतेक प्रकाश हरपतो.

यावरचा उपाय मला या साऱ्या यंत्रातला सर्वांत देखणा भाग वाटतो. प्रोटॉनच्या माळेत सुमारे तीन मायक्रोसेकंदांची एक जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते, झोत सुखरूप बाहेर काढता यावा म्हणून. ती फट समोरून जाते तेव्हा टकरी नसतात. नेमक्या त्या क्षणी प्रकाशतंतूंतून निळ्या लेझरची झळक सोडतात. सगळ्या स्फटिकांची एक फेरी सुमारे ४० मिनिटांत पुरी होते, लगेच दुसरी सुरू. लेझरही कमीजास्त होतो, म्हणून त्याच्यावर वेगळे डायोड पहारा ठेवतात. आणि एवढं करूनही लेझरची घट हीच स्फटिकाची घट असं धरता येत नाही, कारण लेझर एका ठिकाणाहून आत येतो आणि कणाचा प्रकाश आतच जन्मतो. दोघांच्या वाटा वेगळ्या. लेझर एक टक्का मंदावला, तर बोगोरोदित्स्कच्या स्फटिकात कणाचा प्रकाश सुमारे दीड टक्का मंदावतो, शांघायच्या स्फटिकात जवळपास एकच. कुठला स्फटिक कुठल्या भट्टीतून आला, हे इतक्या वर्षांनंतरही हिशोबात धरावं लागतं.

वजनं मात्र निसर्गाचीच वापरतात. विद्युतभार नसलेला पायॉन कण फुटून दोन फोटॉन निघतात, त्यांच्यावरून काढलेलं वस्तुमान १३५ एमईव्ही यायला हवं. नाही आलं, तर तागडी चुकते आहे. डब्ल्यू बोसॉनमधून निघालेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा, चुंबकीय क्षेत्रात त्याची वाट किती वळली त्याच्याशी ताडून पाहतात. सर्वांत भरवशाचं वजन झेड बोसॉनचं, ९१.१९ जीईव्ही. ते ठरवलं याच २७ किलोमीटरच्या बोगद्यात पूर्वी चालणाऱ्या लेप यंत्रानं. त्या मोजमापासाठी चंद्राच्या ओढीनं जमीन किती फुगते, एवढंच नव्हे तर जिनिव्हाहून सुटणाऱ्या आगगाड्यांची वीज किती झिरपते, याचाही हिशोब मांडावा लागला होता.

एवढा खटाटोप कशासाठी, तर हजार हिग्ज कणांतले जेमतेम दोन-तीन दोन फोटॉनमध्ये फुटतात. बाकीच्या फोटॉन-जोड्यांच्या डोंगरउतारावर १२५ जीईव्हीपाशी त्यांचा बारीकसा उंचवटा दिसतो. ऊर्जेची मोजणी थोडी सैल झाली, की तो उंचवटा पसरून उतारात मिसळून जातो. ४ जुलै २०१२ रोजी हिग्जची घोषणा झाली, तेव्हा पडद्यावरच्या त्या उंचवट्यामागे हा पासंग होता. टाळ्या पडल्या त्या शोधाला, आणि पडायलाच हव्यात. पण माझ्या मनात त्या रात्रीही लुकलुकत राहिलेला लेझर असतो.

या कामात भारताचाही हात आहे. टोकांकडच्या स्फटिकांपुढे सिलिकॉनच्या पट्ट्यांचा एक पडदा आहे. त्यातल्या बऱ्याच पट्ट्या भाभा अणुसंशोधन केंद्र, दिल्ली विद्यापीठ आणि बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स यांच्या हातून उतरल्या.

पुढच्या टप्प्यात, टकरी कितीतरी पटींनी वाढतील तेव्हा, टोकांकडचे स्फटिक निघून तिथे सिलिकॉनचं नवं यंत्र बसेल. मधले ६१,२०० जागेवरच राहतील, फक्त तापमान १८ अंशांवरून ९ वर येईल. थंडीत स्फटिकाचा प्रकाश वाढतो, पण त्याची जखम सावकाश भरते. पासंग पुन्हा पहिल्यापासून.