इराचा निवाडा करण्याआधी

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट बेळगाव सीमाभागातल्या येळ्ळूरसारख्या मराठी गावात एकत्र बसून पाहावा आणि त्यावर बोलावं, याचं कारण त्यातच आहे. पुण्यातले संस्कृतचे विद्वान चक्रपाणी शास्त्री स्मृतिभ्रंशात हरवत चाललेत. मुलगी इरा त्यांना थोडा वेळ गाडीत ठेवून जाते, तेवढ्यात ते हत्तीमागे निघून जातात आणि माहुताची बायको चन्नम्मा त्यांना सांभाळते. ती कन्नड बोलते. शास्त्री तिलाच आई म्हणू लागतात. २०१४ मध्ये ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ या फलकापायी ज्या गावानं लाठ्या खाल्ल्या, तिथं कन्नड येते ती बहुधा सरकारी कागदातून. पडद्यावर मात्र तीच भाषा माया करते. मराठीसाठी लढणाऱ्यानं चन्नम्मापुढे गहिवरावं यात मला काहीच विसंगत वाटत नाही. भांडण सरकारशी आहे, तिच्याशी नाही.

पण चर्चा चालवणं हे कसबाचं काम आहे. शास्त्रींची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ; खेळानंतर प्रेक्षकांशी बोलण्याचं हे काम ते आवर्जून करत आलेत. दिवे लागले की पहिलं वाक्य निकालाचंच येतं: पोरीनं बापाला एकटं सोडलंच कसं? ते खोडू नये, पुढचा प्रश्न विचारावा. चन्नम्मानं किती तास सांभाळलं आणि इरा किती काळ सांभाळतेय? एका दिवसाची माया निर्मळ असते, कारण तिला उद्याची रात्र जागायची नसते. हे चन्नम्माला कमी लेखणं नव्हे, इराला तिचं माप देणं आहे.

कुणी म्हणेल, ही शहरी बंगल्यातली दुखणी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला देशव्यापी अंदाज वेगळं सांगतो: साठीपुढच्या शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश, आणि खेड्यांत प्रमाण शहरांपेक्षा जास्त. शंभरांत सात. त्यांना आपण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळे होतो. शिवाय येळ्ळूर आता बेळगावच्या कडेलाच आलंय. माणसं उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला गेली की दुपारी घरात उरतात सासरे आणि सून. घरची लक्तरं चव्हाट्यावर कशाला, हा आक्षेप जास्त खरा आहे. म्हणूनच तर चित्रपट हवा: सुनेला स्वतःच्या सासऱ्याबद्दल अवाक्षर न काढता इराबद्दल तासभर बोलता येतं, आणि ऐकणाऱ्यांना कळायचं ते कळतं.

खरी अडचण निराळीच आहे. जिनं बोलायला हवं, तिला खेळाला येताच येत नाही. म्हाताऱ्याला एकटं सोडायचं कसं? शंभरांत सात घेतले, तरी तितक्याच बायका घरात अडकलेल्या. संध्याकाळी देवळात खेळ लावला तर निवाडा करणारेच जमतील. खेळ सुटीच्या दुपारी, गल्लीतल्याच एखाद्या घरात लावावा आणि तेवढा वेळ त्या सासऱ्यांपाशी बसायला गल्लीतल्या पुरुषांपैकी कुणाला तरी पाठवावं.