हिल्डे बेंजामिन : वकील, न्यायाधीश, मंत्री

स्त्री-पुरुष समानतेचा पूर्व जर्मनीत मोठा गाजावाजा होत असे. परंतु प्रत्यक्ष सत्ता पुरुषांच्याच हाती राहिली. सत्ताधारी समाजवादी एकता पक्षाच्या पॉलिटब्युरोमध्ये एकाही स्त्रीला कधी पूर्ण सभासदत्व मिळाले नाही. अशा राज्यात हिल्डे बेंजामिन १९५३ साली न्यायमंत्री झाल्या आणि चौदा वर्षे त्या पदावर राहिल्या. जर्मनीत हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

त्यांचा जन्म ५ फेब्रुवारी १९०२ रोजी बेर्नबुर्ग येथे झाला. स्त्रियांना जर्मनीत न्यायखात्याची दारे १९२२ साली उघडली. त्यानंतर वकिलीत शिरलेल्या पहिल्या पिढीतील त्या एक होत. १९२६ मध्ये त्यांनी गेओर्ग बेंजामिन या डॉक्टरांशी विवाह केला. प्रसिद्ध विचारवंत वाल्टर बेंजामिन यांचे हे धाकटे बंधू. पती-पत्नी दोघेही कम्युनिस्ट होते, आणि दोघांचेही कार्यक्षेत्र वेडिंग ही बर्लिनची कामगारवस्ती होते. हिल्डे तेथे वकिली करीत. होर्स्ट वेसेल या नाझी तरुणाच्या खुनाचा खटला १९३० साली गाजला, तेव्हा त्याच्या घरमालकिणीच्या बचावासाठी त्या उभ्या राहिल्या होत्या.

नाझींनी सत्ता हाती घेताच १९३३ मध्ये त्यांना वकिली करण्यास बंदी झाली. गेओर्ग ज्यू होते. त्यांना त्याच वर्षी अटक झाली, पुढे सुटका झाली, आणि १९३६ मध्ये पुन्हा पकडून सहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा देण्यात आली. शिक्षेची मुदत संपली तरी त्यांना घरी सोडले नाही. माउटहाउझेनच्या छळछावणीत पाठविले. तेथे ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांचा अंत झाला. सरकारी नोंद आत्महत्येची होती. मुलगा मिखाएल हा अर्धा ज्यू ठरल्याने त्याला उच्च शाळेचे दार बंद होते. आईनेच त्याला घरी शिकविले. युद्धकाळात त्यांना कपड्यांच्या कारखान्यात सक्तीने काम करावे लागले. कायद्याच्या नावाखाली किती अन्याय करता येतो, याचा एवढा जवळून अनुभव फार थोड्या कायदेपंडितांना आला असेल.

१९४५ साली सोव्हिएत सैन्याने बर्लिन घेतल्यावर त्यांना सरकारी वकील नेमण्यात आले. समोर पहिलाच प्रश्न होता तो न्यायाधीशांचा. जुने बहुतेक न्यायाधीश नाझी पक्षाचे सभासद होते. त्यांना काढल्यावर न्यायालये चालवायची कोणी? यावर उपाय म्हणून कामगार व कारकून वर्गातून माणसे निवडून, प्रारंभी अवघ्या सहा महिन्यांच्या शिक्षणानंतर, त्यांना ‘लोकन्यायाधीश’ म्हणून बसविण्यात आले. ही योजना उभारण्यात बेंजामिन यांचा मोठा हात होता. तिच्यामुळे अनेक स्त्रिया न्यायासनावर येऊ शकल्या, हे खरे. परंतु सहा महिन्यांत घडलेला न्यायाधीश पक्षाच्या शब्दाबाहेर जाणे कठीणच होते, आणि पक्षालाही तेच हवे होते.

१९४९ मध्ये प्रजासत्ताक स्थापन झाले आणि त्या सर्वोच्च न्यायालयाच्या उपाध्यक्ष झाल्या. त्यांच्या नावाला काळिमा लागला तो या चार वर्षांत. एप्रिल १९५० मधील डेसाऊचा खटला हा त्यांतला पहिला मोठा खटला. तो न्यायालयात नव्हे, शहरातील नाट्यगृहात चालला. एका गॅस कंपनीची मालमत्ता पश्चिमेकडे वळविल्याचा आरोप होता. निकालाची दिशा पक्षाने आधीच ठरविली होती. आरोपींपैकी विली ब्रुंडर्ट हे जुने समाजवादी. त्यांना पंधरा वर्षांची शिक्षा झाली. पुढे सुटून ते पश्चिमेकडे गेले आणि १९६४ मध्ये फ्रांकफुर्टचे महापौर झाले. याहून बोलकी गोष्ट सरकार पक्षाची होती. फिर्याद चालविणारे महाअभियोक्ता एर्न्स्ट मेल्सहायमर हे नाझी राजवटीतही न्यायाधीश होते. ज्या राजवटीने बेंजामिन यांचा पती हिरावला, तिचाच जुना नोकर आता त्यांच्यासमोर नव्या राज्याची बाजू मांडीत होता!

१९५२ मध्ये योहान बुरिआनेक व वोल्फगांग कायझर या दोघांना त्यांनी देहान्ताची शिक्षा फर्मावली. दोन्ही शिक्षा त्याच वर्षी अमलात आल्या. पश्चिम जर्मनीतील वृत्तपत्रे त्यांना ‘रक्तरंजित हिल्डे’ म्हणू लागली. या विशेषणात शीतयुद्धाचा द्वेष होता, आणि स्त्री न्यायाधीशाविषयीचा जुना तिटकाराही होता. पण शिक्षा खऱ्या होत्या.

१७ जून १९५३ रोजी कामगारांचा उठाव झाला. संपाचा हक्क घटनेने दिलेला आहे, असे तत्कालीन न्यायमंत्री माक्स फेखनर यांनी पक्षाच्या मुखपत्रात सांगितले. घटनेत तसे लिहिलेलेच होते. तरीही त्यांना बडतर्फ करून तुरुंगात टाकण्यात आले आणि त्यांची जागा बेंजामिन यांना मिळाली. उठावातील आरोपींच्या खटल्यांवर नव्या मंत्रिणीने बारीक देखरेख ठेवली.

याच मंत्रिणीच्या कारकिर्दीत कुटुंबविषयक कायदा घडला. १९५४ मध्ये त्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, चर्चा झाली, आणि तो बाजूला पडला. पुढील वर्षीच्या वटहुकुमाने घटस्फोटासाठी दोष सिद्ध करण्याची अट काढली. संपूर्ण संहिता २० डिसेंबर १९६५ रोजी संमत होऊन १ एप्रिल १९६६ पासून लागू झाली. पतिपत्नींनी मुलांचे संगोपन व घरकाम दोघांनी मिळून करावे आणि पत्नीच्या नोकरीस किंवा शिक्षणास पतीने साहाय्य करावे, असे तिच्यात स्पष्ट म्हटले होते. पश्चिम जर्मनीत मात्र पत्नीची नोकरी संसाराच्या कर्तव्यांशी सुसंगत असली पाहिजे, ही कायद्यातील अट १९७७ पर्यंत टिकून राहिली. अर्थात कारखान्यांना मजुरांची टंचाई होती आणि राज्याला स्त्रियांचे श्रम हवे होते, हेही या सुधारणेमागचे एक कारण होते.

१९६७ मध्ये प्रकृतीचे कारण दाखवून त्यांना मंत्रिपदावरून दूर करण्यात आले. नंतर त्यांनी पोट्सडामजवळच्या बाबेल्सबर्ग येथील अकादमीत न्यायव्यवस्थेचा इतिहास शिकविला, आणि १९७७ मध्ये पतीचे चरित्र प्रसिद्ध केले. १८ एप्रिल १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. बर्लिनची भिंत खुली होण्यास तेव्हा सात महिनेही उरले नव्हते. ऑक्टोबर १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि त्यांची कुटुंबसंहिता रद्द होऊन पश्चिमेचा कायदा सर्वत्र लागू झाला.