घरगुती संगणकावर वारंवार येणारा ‘निळा पडदा’ : कारणमीमांसा व निदानपद्धती (परभणी जिल्ह्यातील परिस्थितीच्या संदर्भात)

प्रस्तावना

शोधनिबंध, प्रबंधाची प्रकरणे, प्रश्नपत्रिका, मूल्यांकनाचे अहवाल असे प्राध्यापकांचे बरेचसे लेखन आज घरच्या संगणकावर होते. असे लेखन चालू असताना अचानक पडदा निळा होतो, त्यावर इंग्रजीतील काही ओळी दिसतात आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो, हा अनुभव अनेकांनी घेतलेला असेल. हा प्रकार एकदा घडला तर दुर्लक्ष करता येते. परंतु तो आठवड्यातून दोन-तीन वेळा घडू लागला म्हणजे संगणक दुरुस्तीच्या दुकानात नेला जातो व बहुतेक वेळा तेथे ‘फॉरमॅट’ हा एकच उपाय केला जातो. काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तोच निळा पडदा समोर येतो. दरम्यान सी ड्राइव्हवरील मजकूर मात्र कायमचा गेलेला असतो.

निळा पडदा हा स्वतः रोग नसून रोगाचे लक्षण आहे व तो आपल्यासोबत कारणाचा पुरावाही ठेवून जातो. तो पुरावा न वाचता केलेले फॉरमॅट म्हणजे निदानापूर्वी केलेली शस्त्रक्रिया होय, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे

१. निळा पडदा का येतो, यामागील तत्त्व स्पष्ट करणे.
२. परभणी जिल्ह्यातील हवामान व वीजपुरवठा यांच्याशी या बिघाडाचा संबंध तपासणे.
३. संगणकशास्त्राचे विशेष शिक्षण नसलेल्या प्राध्यापकांना अवलंबता येईल अशी क्रमबद्ध निदानपद्धती मांडणे.

निळा पडदा : संकल्पना व स्वरूप

विंडोज प्रणालीत कामाचे दोन स्तर असतात. वर्ड, एक्सेल यांसारखे कार्यक्रम वरच्या स्तरावर चालतात. त्यांपैकी एखादा बिघडला तर तेवढाच बंद पडतो. स्मृती, डिस्क व इतर उपकरणे यांवर थेट नियंत्रण ठेवणारा प्रणालीचा गाभा, म्हणजेच ‘कर्नल’, खालच्या स्तरावर असतो. ग्राफिक कार्ड आदींना प्रणालीशी जोडणारे बहुतेक ‘ड्रायव्हर’ याच स्तरावर काम करतात. या गाभ्यात विसंगती आढळल्यास पुढे जाणे धोक्याचे असते, कारण चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाऊ शकते. म्हणून प्रणाली स्वतःहून थांबते, थांबण्याच्या कारणाचा संकेत पडद्यावर देते आणि स्मृतीतील आवश्यक भाग एका फाइलमध्ये लिहून ठेवते. अर्थात निळा पडदा ही एका अर्थी संरक्षक कृती आहे.

१९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटी ३.१ पासून ही व्यवस्था आहे. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागो येथील कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू होते. त्यात स्कॅनर जोडताच निळा पडदा आला. निर्मात्याच्या व्यासपीठावरही जे टळले नाही, ते आपल्या घरी घडले म्हणून स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. या पडद्याचे रूप पुढे बदलत गेले. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये त्यावर उदास चेहऱ्याचे चिन्ह आले, तर २०२५ मध्ये विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत निळ्याऐवजी काळा पडदा देण्यात आला. रंग बदलला तरी थांबण्याचा संकेत त्यावर असतोच. त्यामुळे पुढील विवेचन दोन्हींना लागू पडते.

एका दृष्टांताचा बोध

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संस्थेच्या सुरक्षा-कार्यक्रमाचे एक सदोष अद्यतन प्रसृत झाले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातील सुमारे ८५ लाख संगणकांवर निळा पडदा आला. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. हा कार्यक्रम मुख्यतः मोठ्या संस्था वापरत असल्याने घरगुती संगणक बव्हंशी सुरक्षित राहिले. तथापि या घटनेतील उपाय लक्षात घेण्यासारखा आहे. बाधित संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून सदोष फाइल तेवढी काढून टाकणे पुरेसे होते. त्यासाठी संपूर्ण संगणक पुसण्याची गरज नव्हती. नेमके कारण कळले की उपाय लहान होतो, हाच या घटनेचा बोध होय.

कारणमीमांसा

वारंवार येणाऱ्या निळ्या पडद्याची कारणे स्थूलमानाने चार गटांत मांडता येतात.

अ) ड्रायव्हर व कर्नल-स्तरावरील कार्यक्रम : नवे उपकरण, नवे अद्यतन अथवा एकाच वेळी बसविलेले दोन अँटिव्हायरस यांनंतर बिघाड सुरू झाला असल्यास संशयाची सुई येथे वळते. अशा वेळी संकेत बहुधा प्रत्येक वेळी एकच असतो.

आ) स्मृती (रॅम) : येथे संकेत दर वेळी बदलतो. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, तर कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. सदोष रॅममध्ये कोणत्याही कार्यक्रमाची माहिती बिघडू शकत असल्याने दोष दर वेळी निराळ्याच कार्यक्रमावर येतो.

इ) डिस्क : ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ अथवा ‘एनटीएफएस फाइल सिस्टम’ हे संकेत, फाइल उघडण्यास लागणारा असाधारण विलंब व हार्ड डिस्कमधून येणारा टकटक आवाज ही याची लक्षणे होत.

ई) उष्णता, धूळ व वीजपुरवठा : या गटाचा विचार आपल्या भागात अधिक तपशिलाने करावा लागतो.

परभणी जिल्ह्यातील विशेष परिस्थिती

एप्रिल-मे महिन्यांत परभणीचे कमाल तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्या वर जाते. संगणकातील पंखा खोलीतीलच हवा आत घेतो; त्यामुळे हिवाळ्यात सहज चालणारा संगणक उन्हाळ्याच्या दुपारी त्याच कामासाठी कितीतरी अधिक तापतो. त्यातच कापसाच्या या पट्ट्यात धुळीसोबत तंतूही हवेत असतात व ते प्रोसेसरवरील पंख्याच्या खाचांत नमद्यासारखे बसतात. येथे एक भेद लक्षात ठेवावा. प्रोसेसर अति तापल्यास तो प्रथम गती कमी करतो व अखेरीस संगणक पडदा निळा न होताच एकाएकी बंद पडतो. निळा पडदा येत असेल तर उष्णतेने मूळचा एखादा कमकुवत भाग, उदाहरणार्थ रॅम, उघडा पाडला असण्याचा संभव अधिक असतो.

वीजपुरवठ्याचेही असेच आहे. घरगुती जोडणीसाठी २३० व्होल्ट हा दाब प्रमाण असून त्यात सहा टक्क्यांपर्यंतचा फरक, म्हणजे सुमारे २१६ ते २४४ व्होल्ट, मान्य धरला जातो. दाब याहून फार खाली गेल्यास संगणकाचा एसएमपीएस, विशेषतः जुना झालेला, आतील भागांना स्थिर वीज पुरवू शकत नाही. भारनियमनाच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले. परंतु त्यांपैकी अनेकांवर ‘यूपीएस’ व ‘नॉर्मल’ अशी कळ असते, हे सर्वांना ठाऊक नसते. नॉर्मल स्थितीत वीज जाताच बॅटरीवर जाण्यास लागणारा वेळ पंख्या-दिव्यांना जाणवत नाही, पण संगणक तेवढ्यात पुन्हा सुरू होतो.

भू-संपर्क, म्हणजे अर्थिंग, हा दुर्लक्षित विषय आहे. आपल्याकडील काळी जमीन उन्हाळ्यात सुकून भेगाळते व अर्थिंगच्या पट्टीचा मातीशी असलेला संपर्क क्षीण होतो. संगणकाच्या पत्र्याच्या पेटीला हात लावताच मुंग्या येत असतील तर अर्थिंग तपासून घ्यावे. खड्ड्यात मीठ-कोळसा भरणे व उन्हाळ्यात पाणी घालणे ही जुनी रीत आजही उपयुक्त आहे. अर्थिंग नसल्यास दाबाच्या लाटेपासून संरक्षण देणारा स्पाइक बोर्डही आपले काम पूर्णपणे करू शकत नाही.

निदानपद्धती

पुढील क्रम सोप्या व निर्धोक कृतीकडून अवघड कृतीकडे जाणारा आहे. एका वेळी एकच बदल करावा, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही पाळावा. अन्यथा गुण कशाने आला हे कळत नाही.

१. प्रथम मजकूर वाचवावा. संगणक चालू स्थितीत असतानाच महत्त्वाच्या फाइली बाहेरील डिस्कवर घ्याव्यात. डिस्कविषयी संशय असल्यास कोणतीही चाचणी करण्यापूर्वी हे काम करावे, कारण चाचणीचा ताण क्षीण डिस्कला सोसवेलच असे नाही.

२. आपोआप पुन्हा सुरू होणे बंद करावे. ‘सिस्टम प्रॉपर्टीज’मधील ‘अॅडव्हान्स्ड’ या भागात ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ येथे ही सोय आहे. त्यामुळे पडदा स्थिर राहतो व संकेत वाचता येतो. मोबाइलने त्याचे छायाचित्र घ्यावे.

३. नोंदवही ठेवावी. दिनांक, वेळ, संकेत, त्या वेळी चालू असलेले काम, वीज की इन्व्हर्टर, खोलीतील उकाडा अशा सहा बाबी नोंदवाव्यात. पाच-सहा नोंदींनंतर बहुधा एक आकृतिबंध दिसू लागतो.

४. पुरावा वाचावा. सी ड्राइव्हवरील ‘विंडोज’ फोल्डरमध्ये ‘मिनीडम्प’ नावाचे फोल्डर असते. त्यातील फाइली ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ या विनामूल्य कार्यक्रमात अथवा मायक्रोसॉफ्टच्या ‘विनडीबीजी’मध्ये उघडता येतात. त्यात दिसणारा ड्रायव्हर हा संशयित असतो, सिद्ध गुन्हेगार नव्हे. ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडल्यास कोणत्या दिवशी काय बसविले व बिघाड केव्हापासून सुरू झाला हे एकाच आलेखात दिसते. डम्प फाइल तयारच होत नसेल आणि ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये केवळ ‘कर्नल पॉवर ४१’ ही नोंद असेल, तर वीजपुरवठा व एसएमपीएस यांकडे प्रथम पाहावे.

५. सेफ मोडमध्ये काम करून पाहावे. तेथे मोजकेच ड्रायव्हर चालतात. सेफ मोडमध्ये बिघाड थांबत असेल तर कारण बहुधा ड्रायव्हर वा एखाद्या कार्यक्रमात आहे. ‘डिव्हाइस मॅनेजर’मधून अलीकडचा ड्रायव्हर मागील आवृत्तीवर न्यावा. तेथेही बिघाड होत असेल तर यंत्रभागांचा संशय बळावतो. नव्या लॅपटॉपवर डिस्क कूटबद्ध असू शकते. म्हणून बिटलॉकरची पुनर्प्राप्ती-किल्ली आधीच कागदावर लिहून ठेवावी.

६. रॅम तपासावी. ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ प्रणालीतच असते. दोन पट्ट्या असल्यास एकेक काढून पाहावी. संगणकाची वायर भिंतीतून काढून, पत्र्याला स्पर्श करून मगच रॅमला हात लावावा. पट्टीचे सोनेरी दात मऊ खोडरबराने पुसून नीट बसविल्याने अनेकदा एवढ्यावरच काम भागते.

७. डिस्कची प्रकृती ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या विनामूल्य कार्यक्रमाने पाहावी. ती असमाधानकारक असल्यास दुरुस्तीच्या फंदात न पडता डिस्क बदलावी.

८. पेटी उघडून धूळ काढावी. ब्लोअर वापरताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. जुन्या मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगलेले आहेत काय, हेही पाहावे.

९. प्रणालीच्या फाइली ‘एसएफसी स्कॅननाऊ’ या आज्ञेने तपासाव्यात.

१०. वरील सर्व करूनही कारण न सापडल्यास आणि यंत्रभाग निर्दोष ठरल्यासच फॉरमॅटचा विचार करावा.

एक अनुभव

प्रस्तुत लेखकाच्या घरच्या संगणकावर काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात निळा पडदा येऊ लागला. दुकानात दोन वेळा फॉरमॅट करून झाले. पहिल्याच खेपेस डेस्कटॉपवर ठेवलेली क्षेत्रकार्याची टिपणे गेली. डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स ही फोल्डरे सामान्यतः सी ड्राइव्हवरच असतात, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते. उरलेले लेखन युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये होते. फॉरमॅटबरोबर तो फाँट गेल्याने पुढील कित्येक दिवस प्रबंधाची प्रकरणे निरर्थक अक्षरांची रांग होऊन बसली होती. तिसऱ्या खेपेस मात्र नोंदवही ठेवली. सात नोंदींपैकी सहा दुपारी दोन ते पाचच्या दरम्यानच्या होत्या व संकेत तीन निरनिराळे होते. सकाळी घेतलेली रॅमची चाचणी निर्दोष आली. तीच चाचणी दुपारी घेतली तेव्हा दोष दिसले. दोनपैकी एक पट्टी काढताच बिघाड थांबला. चाचणी नेहमी बिघाडाच्या परिस्थितीतच घ्यावी, हा धडा त्यातून मिळाला. गेलेली टिपणे मात्र परत आली नाहीत.

निष्कर्ष

१. निळा पडदा हे लक्षण असून त्याचा संकेत व डम्प फाइल हा निदानाचा प्राथमिक पुरावा आहे.
२. एकच संकेत पुनःपुन्हा येणे ड्रायव्हरकडे, तर बदलते संकेत रॅमकडे निर्देश करतात. पडद्याविना बंद पडणे उष्णता वा वीजपुरवठ्याकडे बोट दाखवते.
३. परभणीसारख्या उष्ण व धुळीच्या प्रदेशात उन्हाळ्यापूर्वी संगणकाची स्वच्छता, इन्व्हर्टरची कळ व अर्थिंग यांची तपासणी आवश्यक आहे.
४. यंत्रभागातील दोष फॉरमॅटने दूर होत नाही. लेखन मात्र नष्ट होऊ शकते.

समारोप

रसायनशास्त्राचा प्राध्यापक असो वा इतिहासाचा, पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नये, असे आपण विद्यार्थ्यांना नित्य शिकवतो. घरच्या संगणकाच्या बाबतीतही हीच शिस्त पाळली, एक साधी नोंदवही ठेवली आणि आठवड्यातून एकदा लेखनाची प्रत बाहेरील डिस्कवर घेतली, तर वर्षानुवर्षांचे श्रम एका दुपारी गमावण्याची वेळ येणार नाही. दुकानदाराकडे जावे लागलेच तर ‘फॉरमॅट करून द्या’ असे न म्हणता नोंदवही त्याच्यासमोर ठेवावी. त्याचेही काम त्यामुळे सोपे होईल.