घोडबंदरच्या भाजीत व्हिएतनाम

व्हिएतनाममध्ये केळफूल सहसा कच्चंच खातात. बाहेरच्या जांभळ्या पाकळ्या काढतात, आतल्या फिकट पाकळ्या एकात एक गुंडाळून अगदी बारीक चिरतात आणि लिंबाच्या पाण्यात सोडतात. मग निथळून त्यात लिंबू, साखर, लसूण, मिरची, भाजलेल्या शेंगदाण्यांचा भरडा, मूठभर हिरवा पाला आणि माशाचं खारं पाणी, म्हणजे फिश सॉस, घालून कालवतात. दक्षिणेत अशा प्रकाराला गॉय म्हणतात, उत्तरेत नोम. आता फिश सॉस, लसूण आणि पाला घटकाभर बाजूला ठेवा. उरलं काय? लिंबू, साखर, मिरची, दाण्याचं कूट. ही तर खमंग काकडीची यादी!

एवढं साम्य आलं कुठून? मिरची आणि शेंगदाणा दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोहोचण्याआधी ना कोकणात कुणाची जीभ मिरचीने पोळली होती, ना व्हिएतनाममध्ये. पुढच्या शतकात युरोपीय जहाजांतून ही पिकं आशियात पसरली आणि त्यात पोर्तुगीजांचा वाटा मोठा. घोडबंदर रोडच्या पार टोकाला खाडीवर नजर ठेवून असलेला किल्लाही पोर्तुगीजांचाच. पलीकडची वसई १५३४ पासून त्यांच्याकडे होती, ती चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतली. राज्य गेलं, मिरची राहिली. याच रस्त्यावर गायमुखच्या वाहतूककोंडीत तासभर अडकलात तर विचार करायला हा विषय बरा आहे.

पण खरी गंमत केळफुलात आहे. खाडीपलीकडे वसईच्या केळीच्या वाड्या असल्यामुळे केळफुलाचं इकडे कुणाला अप्रूप नाही. आपण पाकळ्यांच्या आड दडलेल्या फण्या काढतो, हाताला तेल लावून एकेका फुलातला कडक दांडा आणि पापुद्रा वेचतो, चिरलेली फुलं ताकाच्या पाण्यात रात्रभर बुडवतो आणि सकाळी भाजी टाकतो. तिकडे बहुतेकदा ही फुलं कडू म्हणून बाजूला जातात आणि पाकळ्या खाल्ल्या जातात. म्हणजे एकाच केळफुलातून फुलांची भाजी आणि आतल्या कोवळ्या पाकळ्यांची व्हिएतनामी कोशिंबीर, दोन्ही निघतात. आपण इतकी वर्षं अर्धंच केळफूल खात आलो की काय!

ताक आणि लिंबू, दोन्हीकडे आंबटच का? केळफूल चिरलं की पेशी फुटतात, त्यातली पॉलिफिनॉल नावाची द्रव्यं हवेतल्या प्राणवायूला भिडतात आणि एक विकर त्यांना काळं करतं. आंबट पाण्यात हे विकर मंदावतं. लिंबाचं काम इथे संपतं, ताक मात्र एक पाऊल पुढे जातं. हीच द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात म्हणून तोंड तुरट होतं. ताकात दुधाची प्रथिनं असतात, त्यांना ती आधीच चिकटून बसतात. म्हणून मी या कोशिंबिरीच्या पाकळ्याही लिंबाऐवजी पातळ ताकात अर्धा तास ठेवते आणि मग स्वच्छ धुऊन घेते.

आता फिश सॉस. छोटे मासे आणि मीठ, साधारण तिनास एक, पिंपात भरून वर्षभर ठेवतात. मिठामुळे मासे सडत नाहीत, पण त्यांच्या पोटातली विकरं त्यांचीच प्रथिनं विरघळवतात आणि त्यातून ग्लुटामेट सुटतं. जपानचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या सारात जी चव शोधून तिला उमामी म्हटलं, ती याच ग्लुटामेटची. महागडी बाटली हवीच असं नाही. कोळणीकडचा सुका जवळा घ्या. व्हिएतनामी कोशिंबिरीतही सुकी कोळंबी पडतेच, आणि आपल्याकडे गोव्याचं किसमूर म्हणजे भाजलेली सुकी कोळंबी, कांदा, ओलं खोबरं आणि चिंच यांची कोशिंबीरच की. जवळा निवडून, मंद आचेवर कुरकुरीत भाजून हाताने चुरडा. घरभर वास सुटेल, शेजाऱ्यांनाही कळेल; त्याला इलाज नाही.

शाकाहारी घरात जवळ्याऐवजी थोडा सोया सॉस चालतो. व्हिएतनामी बौद्धांच्या शाकाहारी स्वयंपाकातही सोयाबीनचा आधार असतोच. आंबटपणासाठी कोकमाचं आगळ घेतलं तर त्यात मीठ आधीच असतं, तेव्हा वरून मीठ जपून. रंग मात्र देखणा येतो.

पाल्यासाठी पुदिना, कोथिंबीर आणि सब्जा. फालुद्यात ज्याचं बी फुगतं तोच सब्जा, आणि आग्नेय आशियात पानासाठी लावतात ती बडीशेपेच्या वासाची तुळस, या दोघी एकाच जातीच्या. कुंडीत सब्जाचं बी टाकलं तर वास थोडा वेगळा येईल, पण नातं सख्खं.

फोडणी द्यायची का? माझं मत, नाही. हिंग-मोहरी आली की तिचंच राज्य, पाल्याचा वास मागे पडतो. तिकडे तळलेला कांदा वरून भुरभुरतात. बिर्याणीला तळतो तसाच, तो पुरे.

सोबत गाजर-मुळा किसून घालायचा असेल तर आधी मीठ चोळून दहा मिनिटांनी घट्ट पिळा. मीठ पेशींतलं पाणी ओढून घेतं. भाजी लवते पण शिजत नाही, पेशींच्या भिंती शाबूत राहतात, म्हणून दाताखाली कर्रकन वाजते. पाणी आधीच गेल्यामुळे आंबट-गोड रसही पातळ होत नाही. दाणे, जवळा आणि कांदा मात्र अगदी पानात वाढताना. आधी घातले तर पाच मिनिटांत सादळतात.